चावडीतला विस्तव

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे, पण तिचे साल आणि दिवस मी नेमका सांगतो. उतरवणीचे एकेचाळिसावे साल होते. पौष महिना होता, वद्य पंचमी होती, आणि थंडी अशी होती की गुरांच्या नाकातून वाफ निघत होती. त्या सकाळी त्या गावातल्या एकाही घरातून धूर निघाला नाही.

ही गोष्ट लहानांना सांगायची रीत आहे. खरे तर ती म्हाताऱ्यांनी ऐकायला हवी, आणि मान खाली घालून ऐकायला हवी.

उतरवणी म्हणजे काय ते आधी सांगतो.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. वर गड होता आणि गडावर राजा होता. एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. कोणी लावला ते कळले नाही. राजाने हुकूम काढला की यापुढे गावात कोणी चकमक बाळगायची नाही.

तेव्हा घरोघरी चकमक असे. कातड्याचा लहान बटवा, त्यात गारगोटीची एक गार, एक पोलादाची पट्टी आणि थोडा कापूस. गारेवर पोलाद मारले की ठिणगी पडे, कापूस धरे, आणि चूल पेटे. प्रत्येक घराने आपल्या बटव्यावर रंगीत दोऱ्याने आपली खूण घातलेली असे. राजाच्या शिपायांनी एकशे अठ्ठावीस घरांतून एकशे अठ्ठावीस बटवे गोळा करून नेले.

मग विस्तव फक्त गडावर राहिला. सांजेला जेवणे उरकली की सगळ्यांनी चुली विझवायच्या. सकाळी खापर घेऊन दोनशे पायऱ्या चढायच्या, राजाच्या भट्टीपुढे वाकायचे आणि चार निखारे घेऊन उतरायचे. ज्याच्यावर मर्जी नसेल त्याला निखारे मिळत नसत. राजा सकाळी सज्जात उभा राहून गावावरचा धूर बघायचा आणि म्हणायचा, “विस्तव माझा, धूर तुमचा.” आणि स्वतःच हसायचा.

एका हिवाळ्यात कुंभारआळीने विनंती केली की एक भट्टी खाली गावात असू द्यावी, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. राजाने त्या आळीचा विस्तव बंद केला. आळीत एक म्हातारा खोकत पडला होता. गावातला एक तरुण गवंडी गडावर गेला आणि म्हणाला, “महाराज, आळीत आजारी माणूस आहे.”

राजा म्हणाला, “त्यांनी आधी विचार करायचा होता.”

तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

गवंड्याने गाव गोळा केले. तो फार शिकलेला नव्हता, पण त्याचे बोलणे सरळ होते. तो म्हणाला, “भाले आपल्याकडे नाहीत. चढून गेलो तर मरू. पण राजा रोज सकाळी आपला धूर बघतो. धूर दिसतो तोवर त्याला वाटतं, आपलं राज्य चाललंय. उद्यापासून कोणी विस्तव आणायला जायचं नाही. धूर दिसू द्यायचा नाही.”

नऊ दिवस गाव गार राहिले. लोकांनी भिजवलेले हरभरे खाल्ले, कच्चे मुळे खाल्ले, गार पाण्याने लेकरे धुतली. राजाच्या शिपायांची घरेही गावातच होती, त्यांच्याही बायकांनी चुली पेटवल्या नाहीत. नवव्या दिवशी शिपायांनी भाले खाली ठेवले. राजा मागच्या वाटेने दोन घोडे घेऊन गेला तो परत आला नाही.

लोकांनी गडावरचा विस्तव मोठ्या कढईत घालून, कढई बांबूला बांधून खाली आणला आणि चावडीत ठेवला. राजा उतरवला, विस्तव उतरवला, म्हणून ती उतरवणी. गावाने तिथून आपले साल मोजायला सुरुवात केली. तो गवंडी गावाचा कारभारी झाला.

गडाच्या कोठारात बटवे सापडले. पोत्यांत भरून तेही खाली आणले. बायका म्हणाल्या, “वाटून टाका.”

कारभारी म्हणाला, “वाटू. पण आत्ताच नको. राजाची माणसं अजून गावात आहेत. एखाद्यानं सूड म्हणून गाव पेटवलं तर? जरा स्थिरस्थावर होऊ द्या. दसऱ्याला वाटू.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वर्षी ते खरे होते.

दसऱ्याच्या आधी एक गवताची गंजी जळाली. मग पुढचा दसरा ठरला. मग त्याच्या पुढचा. बटवे चावडीच्या मागच्या खोलीत राहिले आणि खोलीची किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला राहिली. सांजेला चुली विझवायचा नियमही राहिला, कारण तो बदला असे कोणी म्हटले नाही. सकाळी लोक खापर घेऊन गडाऐवजी चावडीत येऊ लागले. चढ वाचला, एवढे खरे.

पहिली दहा वर्षे निखारे सर्वांना मिळत. नंतर नियम आला की चावडी झाडायची पाळी चुकवेल त्याला त्या दिवशी निखारे नाहीत. मग लाकूड आणले नाही तर नाहीत. मग सभेला आले नाही तर नाहीत. एकेक नियम लहान होता आणि प्रत्येकाला कारण होते. कोणी कुरकुर केली की कारभारी म्हणे, “इथला विस्तव आवडत नसेल तर राजाकडून आण जा.” लोक हसत. ज्याला म्हटले तो हसत नसे.

हा कारभारी चोर नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने चावडीचे एक लाकूड घरी नेले नाही. त्याच्या घरची बाईसुद्धा खापर घेऊन रांगेत उभी राही. आपण गावासाठी काय केले याचा त्याला अभिमान होता, आणि त्याने ते खरेच केले होते. खोट्या माणसाला लोक लवकर ओळखतात. याला ओळखायला चाळीस वर्षे लागली.

दर वर्षी पौष पौर्णिमेला चावडीत सभा भरे. कारभारी उभा राहून नऊ दिवसांची हकीकत सांगे. मग सर्वांच्या हातावर मूठभर भिजवलेले हरभरे पडत. ते खायचे, कारभाऱ्याच्या पाया पडायचे आणि घरी जाऊन ऊन ऊन जेवायचे, असा तो सण होता.

एकेचाळिसाव्या सालच्या सभेत, हकीकत संपल्यावर, घोंगड्या विणणारा हैबती उभा राहिला. तो पंचविशीतला होता. हात जोडून म्हणाला, “कारभारी, एक विचारू का?”

“विचार.”

“माझी बायको आज-उद्या बाळंत होईल. अवेळी पाणी तापवावं लागेल, शेगडी लागेल. सकाळच्या रांगेची वाट बघून कसं चालेल? मागच्या खोलीत आपल्या चकमकी आहेत म्हणतात. आमच्या घरची तेवढी द्या.”

कारभाऱ्याने त्याच्याकडे पाहिले.

“चकमक पाहिलीस का कधी?”

“नाही. म्हणून तर मागतोय.”

“आणि राजा? राजा पाहिलास?”

“तोही नाही.”

“मग बस खाली. आम्ही नऊ दिवस गार खाल्लं म्हणून तुझ्या चुलीत आज विस्तव आहे.”

हैबती बसला नाही. तो म्हणाला, “कारभारी, तुम्ही नऊ दिवस गार खाल्लंत, ते आम्ही दर पौर्णिमेला खातोय. आता हरभरे पुरेत. चकमक द्या.”

आधी एक जण हसला. मग सगळी चावडी हसली. विस्तवाजवळ काठी घेऊन बसलेला म्हातारा राखणदारही मिशीत हसला, आणि ते कारभाऱ्याने पाहिले.

चाळीस वर्षांत त्याला कोणी हसले नव्हते. त्याच क्षणी तोही हसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

“याच्या घरचा विस्तव बंद,” तो म्हणाला. “माफी मागेल तेव्हा चालू. आणि जो याला निखारा देईल, त्याचाही बंद. तोवर पाहिजे असेल तर राजाकडून आण जा.”

मागून एक म्हातारी बोलली, “राजा आता आहे कुठं, बाबा? वाट तरी सांगा.”

यावेळी कोणी हसले नाही.

दोन दिवसांनी हैबतीची बायको गोजरा बाळंत झाली. मुलगी झाली. घरात ना शेगडी ना ऊन पाणी. हैबती सकाळीच चावडीत आला. विस्तवाजवळ कारभारी आणि राखणदार दोघेच होते.

हैबती कमरेत वाकला. “चुकलो, कारभारी. सभेत तसं बोलायला नको होतं. माफी करा आणि चार निखारे द्या.”

“सभेत बोललास, माफीही सभेत माग. आणि म्हण की मी राजाचा माणूस आहे, राजाच्या माणसांनी मला चढवलं.”

“मला कोणी चढवलं नाही.”

“म्हण.”

“माफी दहा वेळा मागतो. पण राजाचा माणूस मी नाही. लेकीच्या जन्माला खोटं कसं बोलू?”

“मग जा.”

हैबती गेला. राखणदाराने बसल्या बसल्या काठी जमिनीवर टेकवली. “कारभारी, घरात ओली बाळंतीण आहे. पौष आहे.”

कारभारी म्हणाला, “त्यानं आधी विचार करायचा होता.”

राखणदाराने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मग विस्तवाकडे पाहिले.

तीन दिवसांनी ती पंचमी उजाडली.

कारभारी नेहमीसारखा चावडीत येऊन बसला. रांग नव्हती. ऊन अंगणात आले तरी एकही खापर आले नाही. त्याने बाहेर येऊन छपरांकडे पाहिले. कुठेही धूर नव्हता.

“गावात ताप आलाय का?” त्याने राखणदाराला विचारले.

“नाही. लोक उठलेत. गुरं सोडलीत. विहिरीवर बायका आहेत.”

“मग विस्तवाला का नाही आले?”

राखणदार म्हणाला, “तुम्हाला कळत नाही?”

त्याला खरेच कळले नाही. चाळीस वर्षे दर पौर्णिमेला त्याने धूर बंद पाडल्याची हकीकत सांगितली होती, आणि धूर बंद पडला तेव्हा त्याने ओळखला नाही. त्याला वाटले राजाचा कोणी वंशज परत आला आहे आणि लोकांना फितवतो आहे. त्याने चार माणसे नाक्यावर पाठवली. माणसे दुपारी परत आली. म्हणाली, “वाटेवर एक मेंढरं वळणारा भेटला. त्यालाच पकडायचं का?”

कारभारी घरी जेवायला गेला. बायकोने पाट मांडला आणि ताट पुढे ठेवले. ताटात भिजवलेले हरभरे होते.

त्याने ताटाकडे पाहिले. “आज पौर्णिमा आहे का?”

“पौर्णिमा झाली. आज पंचमी.”

“मग भाकरी?”

“चूल पेटवली नाही.”

“का?”

“विस्तव आणला नाही.”

“माझ्या घरात?”

“हे घर गावातच आहे ना,” ती म्हणाली.

तो ताटावरून उठला. “कोणी शिकवलं हे तुला? नाव सांग. कोणी शिकवलं?”

ती त्याच्यासमोर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “तुम्ही.”

तो उभाच राहिला. ती पुढे म्हणाली, “कुंभारआळीच्या म्हाताऱ्यासाठी तुम्ही गडावर गेला होता. परत आलात तेव्हा राजा काय म्हणाला ते मला याच जागी सांगितलंत. रडत सांगितलंत. परवा तुम्ही हैबतीसाठी काय बोललात ते राखणदारानं मला सांगितलं. शब्दसुद्धा बदलला नाहीत हो.”

कारभाऱ्याला आठवले. आठवले आणि तरी तो वाकला नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरे ते सांगतो. माणसाला आपली चूक कळणे आणि माणसाने ती सुधारणे यांत पुष्कळ दिवस जातात, आणि त्या दिवसांत थंडी दुसऱ्याला वाजते.

तो चावडीत जाऊन बसला. षष्ठी गेली. सप्तमी गेली. गावात कोणी दंगा केला नाही, कोणी दगड मारला नाही. लोक समोरून जात आणि नमस्कारही करत. फक्त खापर घेऊन कोणी येत नव्हते. भरल्या गावात उबेत बसलेले दोघेच जण होते, कारभारी आणि राखणदार.

सप्तमीच्या दुपारी कारभारी म्हणाला, “टिकणार नाहीत ही माणसं. आमच्यासारखी नाहीत. दोन दिवसांत येतील रांगेत.”

राखणदार उठला. तो थकला होता, त्याला उठायला वेळ लागला.

“कारभारी, मी तेव्हा गडावर पहाऱ्याला होतो. मिसरूड फुटत होतं मला. सातव्या दिवशी राजा सज्जात उभा राहिला आणि हेच म्हणाला. ‘टिकणार नाहीत, दोन दिवसांत येतील.’ मी त्याच्या मागं उभा होतो.”

कारभाऱ्याने विस्तवात एक लाकूड सारले.

राखणदाराने काठी भिंतीला टेकवून ठेवली. “माझी पुतणी हैबतीच्या आळीत दिली आहे. जातो तिकडं. आयुष्यात एकच काम दोनदा करावं लागलं मला.”

तो पायऱ्या उतरून गेला. कारभारी एकटा उरला.

विस्तव जपायला लाकूड लागते, आणि लाकूड रोज गावच आणत असे. सप्तमीची रास अष्टमीला सकाळी संपत आली. कारभारी उरलेली लाकडे एकेक करून सारत बसला. त्याला ऊब मिळत होती. त्या उबेची त्याला लाज वाटू लागली. तो मागे सरकला, तरी ती अंगाला लागतच होती.

शेवटी त्याने कोपऱ्यातले खापर घेतले, त्यात निखारे भरले, वर राख घातली आणि तो निघाला.

भर सकाळ होती. दारादारांत माणसे उभी होती. चाळीस वर्षे निखारे देणारा माणूस खापर हातात घेऊन रस्त्याने चालला होता, आणि सगळे बघत होते. कोणी हसले नाही. हसले असते तर त्याला बरे वाटले असते.

हैबतीचे घर लहान होते. दाराला घोंगडी लावली होती. ती सारून तो आत गेला. आत काळोख होता, आणि डोळे सरावल्यावर त्याला दिसले.

गोजरा भिंतीशी गोधड्यांत पडली होती. तिला ताप होता आणि ओठ फुटले होते. तिच्या शेजारी आळीतल्या सात बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने बाळ उघडे करून स्वतःच्या उराशी, लुगड्याच्या आत धरले होते. तिची ऊब कमी झाली की ती ते दुसरीच्या उराशी देत होती. सहा दिवस त्या अशा बसल्या होत्या, बाळाची शेगडी होऊन.

तिसरी बाई त्याची बायको होती.

तिने त्याच्याकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली, कारण बाळ आता तिच्याकडे यायचे होते.

कारभाऱ्याने खापर जमिनीवर ठेवले. “विस्तव आणलाय,” तो म्हणाला.

कोणी हात पुढे केला नाही. हैबती दाराशी उभा होता. त्याने बायकोकडे पाहिले. गोजरा कुशीवर वळली. तिचा आवाज बसला होता.

“नको, काका.”

“अगं, लेकरू...”

“लेकरू जगलंय. या माउल्यांनी जगवलंय. तुमचा विस्तव आज आणलात, उद्या तुमची मर्जी फिरली की पुन्हा नाही. माझी आजी सांगायची, मर्जी असली की राजाही द्यायचा. निवडून निवडून चांगले निखारे द्यायचा म्हणे.”

सात बायकांपैकी एक तोंडावर पदर धरून रडू लागली. गोजरा थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, “तुमच्या हातचा विस्तव नको आम्हाला. आमची चकमक तुमच्याकडं राहिली आहे. ती द्या.”

राहिली आहे, असे ती म्हणाली. चोरली असे म्हणाली नाही. कारभारी तिथे उभा राहू शकला नाही.

तो चावडीत परत आला. कमरेची किल्ली काढली आणि मागच्या खोलीचे कुलूप उघडायला गेला. कुलूप गंजले होते. चाळीस वर्षे तो किल्ली सांभाळत होता, आणि कुलूप एकदाही उघडले नव्हते. त्याने गवंड्याचा हातोडा आणून ते फोडले.

पोती उंदरांनी कुरतडली होती. बटवे कडक झाले होते, पण शाबूत होते. गारेला काही झाले नव्हते, पोलादाच्या पट्ट्यांवर गंज होता. त्याने त्या दगडावर घासून उजळल्या, एकेक करून. बोटे सोलली. मग त्याने दोऱ्याच्या खुणा पाहून हैबतीच्या आज्याचा बटवा शोधला. लाल दोऱ्याची तिहेरी रेघ होती.

हैबतीच्या घरी गेल्यावर त्याने बटवा दोन्ही हातांत धरून गोजरापुढे ठेवला. तिला तो उघडता येईना, हैबतीलाही वापरायचा कसा ते ठाऊक नव्हते. कारभाऱ्याची बायको उठली. आपल्या लुगड्याच्या कडेचा कापूस झालेला धागा तिने तोडला, गारेशी धरला, आणि पोलाद मारले. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा ठिणगी पडली.

शेगडी पेटली. तिच्यावर पाणी चढले.

बाळ वाचले. गोजराचे दूध मात्र आटले ते आटलेच, आणि त्या थंडीत तिच्या कमरेत जी कळ शिरली ती जन्मभर गेली नाही. कारभाऱ्याला ती विहिरीवर वाकून चालताना दिसे, आणि तो जगला तोवर दिसत राहिली.

त्या दिवशी दुपारपासून तो घरोघर फिरला. पाठीवर पोते होते. मदतीला हैबती आला, त्याला त्याने परत पाठवले.

पहिल्या दारात त्याने बटवा पुढे केला आणि म्हणाला, “हे तुमचं. त्या वर्षी दिवस वाईट होते, राजाची माणसं होती, म्हणून म्हटलं दसऱ्याला...”

दारातली म्हातारी बटव्यावरचा दोरा चाचपत होती. ती तिच्या सासूच्या हाताची वीण होती. तिने त्याला मध्येच थांबवले. “पुढचं घर गाठा, कारभारी. थंडी आहे.”

त्यानंतर त्याने कारण सांगितले नाही. प्रत्येक दारात तो एवढेच म्हणाला, “हे तुमचं. माझ्याकडं राहिलं.” लोकांनी बटवे घेतले. कुणी शिवी दिली नाही. काही घरी माणसेच उरली नव्हती, तिथे त्याने नातवंडे शोधली. एक घर पडले होते, त्याची वारस लेक तीन कोसांवर सासरी होती, तिथे तो नवमीला पायी गेला. राजाला निदान लोकांनी हाकलले होते. याला कोणी जा म्हटले नाही. त्याला प्रत्येक दारातून स्वतःच निघावे लागले.

चावडीतला विस्तव अष्टमीच्या संध्याकाळीच विझला. तो विझल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण गावभर धूर होता.

पुढल्या पौष पौर्णिमेला सभा भरली नाही. नऊ दिवसांची हकीकत आता घरोघरी सांगतात, आणि दोन्ही वेळची एकत्र सांगतात. ऐकणारी लहान मुले मध्येच विचारतात, “यातला राजा कोणता?” सांगणाऱ्याला जरा थांबावे लागते.

ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की ज्या गोष्टीसाठी राजा हाकलला ती गोष्ट लोकांच्या हातात परत दिली नाही, तर राजा गेलेला नसतो, फक्त बदललेला असतो.

नवमीच्या संध्याकाळी कारभारी तीन कोस चालून परत आला. पोत्यात एकच बटवा उरला होता, पिवळ्या दोऱ्याचा. बायको दारात उभी होती. त्याने तो तिच्या हातावर ठेवला. एकशे अठ्ठावीस पुरे झाले.